कंपनीच्या ताब्यात शेतजमीन: बंदी आहे, पण ती फक्त खरेदीखताच्या दारात उभी आहे

तुम्ही लिहिलंय की गावातली साधारण दीडशे एकर जमीन गेल्या सहा वर्षांत एका ॲग्रो कंपनीच्या ताब्यात गेली. तारेचं कुंपण एकच आहे, बोअरवरून पाइपलाइन एकच फिरलीय, मुकादम एकच, पण सातबारे काढले तर नावं आठ-दहा वेगवेगळ्या माणसांची, आणि आता ग्रामसभेत ठराव घालायचाय की कंपन्यांना शेतजमीन घ्यायला बंदी करणारा कडक कायदा करा, तर त्यात नेमकं काय लिहावं. मी २६ वर्षं महसूल कोर्टात वकिली करतोय, कुळकायदा, सिलिंग, फेरफाराच्या तक्रारी हेच रोजचं काम, त्यामुळे उत्तर जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

ठराव त्या शब्दांत लिहू नका दादा. कारण बंदी आजही आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८, त्याचं कलम ६३. जो शेतकरी नाही त्याला शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा भाडेपट्टा, यातलं काहीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय वैध नाही. भाडेपट्टाही, हे लोक विसरतात, त्यांना वाटतं कलम फक्त विक्रीला लागू आहे. मराठवाड्यात हेच काम १९५० चा हैदराबाद कुळकायदा करतो, तिथे कलम ४७, आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आहे, तिथे कलम ८९. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर त्यावर आणखी जमीन महसूल संहितेचं ३६अ. शिवाय १९६१ चा सिलिंग कायदा, त्यात १९७५ नंतर बारमाही बागायत १८ एकर, तिथपासून कोरडवाहू ५४ एकरापर्यंत कमाल मर्यादा. म्हणजे कागदावर बघितलं तर देशातल्या कडक कायद्यांत आपला कायदा मोडतो. तमिळनाडूत शेतकरी असण्याची अटच नाही. शेजारच्या कर्नाटकात ७९अ, ७९ब ही कलमं होती, ७९ब मध्ये कंपनीला सरळ मनाई होती, २०२० मध्ये ती कलमं काढून टाकली आणि काढताना १ मार्च १९७४ पासून काढली, म्हणजे मागच्या भंगांची प्रलंबित प्रकरणं धुऊन निघाली. आपल्याकडे तसं झालेलं नाही. कलम जागेवर आहे, आणि तुम्ही "बंदी करा" असा ठराव पाठवलात तर मंत्रालयातून एक ओळीचं उत्तर येईल की बंदी अस्तित्वात आहे, आणि तुमची फाइल बंद.

मग दीडशे एकर गेली कशी?

कलम ६३ बघतं ते खरेदीखतावरचं नाव. घेणारा शेतकरी आहे का, शेतकरी दाखला जोडलाय का, एवढं दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आणि नंतर तलाठ्याकडे बघितलं जातं. पैसा कोणाचा, जमीन कसणार कोण, पीक विकून पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे विचारायची कोणाला गरज नाही आणि अधिकारही धड नाही. तुमच्या गावातली ती आठ-दहा नावं मी न बघता सांगतो, एखादा कंपनीचा मॅनेजर असेल ज्याच्या बापाच्या नावावर कुठेतरी वीस गुंठे आहेत, एखादा डायरेक्टरचा मेहुणा, एखादा तालुक्यातला एजंट जो स्वतः खातेदार आहे. प्रत्येकाच्या नावावर सिलिंगच्या आत बसेल एवढीच जमीन. मग त्या प्रत्येकाकडून कंपनीच्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र आणि एक साठेखत (म्हणजे पुढे विकायचा करार), ताबा दिलाय असं लिहिलेलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की मुखत्यारपत्र आणि साठेखतावर मालकी जात नाही, पण इथे मालकी हवीय कोणाला, ताबा आणि पीक हवंय, ते मिळतं. सातबारा शेवटपर्यंत शेतकऱ्याच्याच नावावर राहतो आणि सरकारी आकडेवारीत ती जमीन "शेतकऱ्याकडून शेतकऱ्याला" गेलेली दिसते.

दुसरी वाट जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून इथे थांबतो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी कोकणातलं एक प्रकरण आलं होतं. एका कंपनीने नव्वदच्या दशकात फळप्रक्रिया कारखाना काढायचा म्हणून रीतसर परवानगीने जमीन घेतली होती, लोकांनी पण खुशीने दिली कारण पोरांना काम मिळेल असं सांगितलं होतं, कारखाना काही झाला नाही, जमीन पडून राहिली, गावातली गुरं तिथे चरायची. मग एक दिवस जेसीबी आला, झाडं तोडायला सुरुवात झाली आणि गावाला कळलं की मालक बदललाय. आम्ही सातबारा काढला, नाव तेच. फेरफार काढले, एकही नवीन नोंद नाही. इंडेक्स-२ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, काही नाही. कारण जमीन विकलीच गेली नव्हती, कंपनीचे शेअर्स विकले गेले होते, सगळेच्या सगळे, एका वेगळ्याच गटाला ज्याचा फळांशी काही संबंध नव्हता. जमिनीची खरेदी झाली असती तर बाजारमूल्याच्या काही टक्के मुद्रांक शुल्क, दस्त नोंदणी, तलाठ्याची नोटीस, हरकतीची मुदत, गावाला समजायची एक तरी संधी. शेअर ट्रान्सफरला यातलं काहीच नाही, आणि १ जुलै २०२० पासून तर देशभर शेअर ट्रान्सफरचं मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के आहे म्हणजे लाखाला १५ रुपये. आम्ही हरकत घ्यायची कशावर, नोंदच नाही तर हरकत कुठल्या नोंदीवर, हा प्रश्न मला त्या गावातल्या एका आजीने विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही कायद्यात नाही.

तिसरी वाट कायद्यानेच ठेवलेली. १९९४ मध्ये कलम ६३-१अ आलं, खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येते, झोन औद्योगिक असेल तर, १० हेक्टरच्या वर असेल तर विकास आयुक्त (उद्योग) यांची परवानगी. २०१६ च्या आधी वापर सुरू करायला १५ वर्षं होती. २०१६ च्या दुरुस्तीने ती ५ वर्षं केली, आणि बाजारमूल्याच्या वर्षाला २ टक्के दराने पैसे भरले की आणखी ५. मुदतीत वापर झाला नाही तर मूळ मालकाला मूळ किमतीत जमीन परत मागायचा हक्क आहे. हे शेवटचं वाक्य परत वाचा, मूळ किमतीत. फार चांगली तरतूद आहे, पण मुदत संपली हे शेतकऱ्याला कळवायचं कोणी? नोंदवही ठेवायची कोणी? माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात मी स्वतःहून पाठवलेली अशी एकही नोटीस बघितलेली नाही, जी दोन प्रकरणं झाली ती पक्षकाराच्या पोराने जुने कागद उपसले म्हणून झाली. शिवाय विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत जिथे निवासी, वाणिज्य, औद्योगिक झोन पडलाय तिथे ६३ ची आडकाठी २०१४ नंतर जवळजवळ राहिलेलीच नाही, आणि महसूल संहितेच्या ४२अ ते ४२ड ने बिगरशेतीची वेगळी परवानगी पण बऱ्याच ठिकाणी काढून टाकली. त्यामुळे शहराजवळच्या गावांनी कायद्यापेक्षा आधी झोनच्या नकाशावर नजर ठेवायला हवी, नकाशाचा रंग बदलला की कलम निम्मं गळून पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंदी मोडली तर काय होतं? त्याच कुळकायद्याचं कलम ८४क. तहसीलदार स्वतःहून किंवा हितसंबंध असलेल्या माणसाच्या अर्जावर चौकशी करतो, व्यवहार अवैध ठरला तर पक्षकारांना तीन महिन्यांत जमीन पूर्ववत करायची संधी, नाही केली तर जमीन सरकारजमा. इथपर्यंत ठीक आहे. पण त्याच कलमात पुढे आहे की विकणाऱ्याने जी किंमत घेतली ती पण सरकारजमा, आणि जमीन महसुलाची थकबाकी म्हणून त्याच्याकडून वसूल करायची. विकणारा कोण? तुमच्या गावातला तो माणूस ज्याने दवाखान्यासाठी नाहीतर सोसायटीचं कर्ज फेडायला जमीन दिली. पैसे खर्च झालेत. त्याला नंतर कळलं की आपल्याला फसवलंय, खरा घेणारा कंपनी आहे, तरी तो तक्रार करेल का? तक्रार केली तर पहिला बुडणार तोच. कंपनीचं काय जातं, जमीन गेली तर गेली, नाव दुसऱ्याचंच होतं. हे कलम १९५६ च्या आसपासच्या काळाला धरून लिहिलंय, जेव्हा विकणारा बडा जमीनदार होता आणि घेणारा सावकार, दोघांना शिक्षा बरोबर होती. आज विकणारा अडीच एकरवाला आहे आणि घेणाऱ्याकडे वकिलांची फौज आहे, शिक्षा मात्र अजून दोघांना सारखी, खरं तर विकणाऱ्याला जास्त. माझं स्पष्ट मत आहे की हे एक उपकलम बदललं तर बाकी कुठलाही नवीन कायदा न आणता अर्धी प्रकरणं बाहेर येतील, कारण जे साक्षीदार आज गप्प आहेत ते बोलायला लागतील.

आणि उशीर करून चालत नाही. ८४क मध्ये मुदत लिहिलेली नाही म्हणून लोक समजतात कधीही करता येईल, पण गुजरातच्या एका प्रकरणात, त्यांच्याकडेही मूळ कायदा हाच, १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की स्वतःहून चौकशी करायचा अधिकार वाजवी मुदतीतच वापरायला हवा. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच मांडतो, उशीर झाला. सहा वर्षांपूर्वीचे व्यवहार असतील तर तुमच्या विरोधात हाच मुद्दा येणार, तयारी ठेवा.

कोणी म्हणेल की कंपनीने शेती केली तर बिघडलं काय, भांडवल येईल, ठिबक येईल, उत्पादन वाढेल. हा वाद काल्पनिक नाही, आपल्या राज्याने तो जगलाय. नगर, सोलापूर, सातारा, पुणे या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात खाजगी साखर कंपन्यांनी कालव्याखालच्या हजारो एकर जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतल्या, दीर्घ मुदतीच्या करारांवर. ऊस उत्तम आला, कारखाने चालले, हे नाकारायचं कारण नाही. पण जमीनवाला हळूहळू त्याच जमिनीवर मजूर झाला. १९६१ च्या सिलिंग कायद्याने या कंपन्यांच्या जमिनी काढून घेतल्या, पण दिल्या कोणाला तर १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाला. खंडकरी शेतकरी बाजूलाच. त्यांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले, पिढ्या गेल्या, आणि प्रत्यक्ष जमीन परत मिळायला सुरुवात व्हायला अर्धं शतक लागलं. मी वकिलीला लागलो तेव्हा आमच्या सिनियरांकडे खंडकऱ्यांचे म्हातारे वारस यायचे, कापडात गुंडाळलेला करार घेऊन, त्यातल्या बहुतेकांनी जमीन परत आलेली बघितली नाही. म्हणून मी म्हणतो की "भाड्यानेच तर दिलीय, मालकी आमचीच आहे" या वाक्यावर विसंबू नका. मालकी कागदावर राहते, जमीन हातातून जाते.

म्हणून जो नवीन कायदा मागायचा त्यात माझ्या मते एकच गोष्ट मध्यभागी हवी, नाव नको, ताबा आणि नियंत्रण मोजा. जमिनीतून फायदा शेवटी कोणाला जातोय आणि निर्णय कोण घेतोय, त्याच्या खात्यात ती जमीन धरा, मग ती दहा नावांवर असो, भाड्याने असो, साठेखताने असो नाहीतर उपकंपनीत असो. सिलिंगची मर्यादा त्या एकत्रित आकड्याला लावा.

हे जगात कुठे नाही असं नाही. कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचं छोटं बेट-राज्य आहे, तिथे १९८२ चा जमीन संरक्षण कायदा आहे, एका व्यक्तीला १००० एकर, कंपनीला ३००० एकर, आणि भाड्याने घेतलेली जमीनही मोजतात. त्यांनी असा कायदा का केला त्यालाही इतिहास आहे, १७६७ मध्ये लंडनमध्ये सोडत काढून त्या बेटाचे ६७ भाग वाटले होते, बहुतेक जमीनदार कधी फिरकले नाहीत आणि कसणारे शंभर वर्षांहून जास्त काळ कुळं म्हणून राहिले, जमीनदारी संपवणारा कायदा व्हायला १८७५ उजाडलं. असं सोसलेला समाज जमीन मोजून ठेवतो. आणि तरीसुद्धा तिथेही नातेवाइकांच्या वेगवेगळ्या कंपन्या आणि शेअर्सच्या वाटेने मर्यादा ओलांडल्याचे वाद होत राहतातच. फ्रान्समध्ये १९६० पासून साफेर नावाच्या संस्था आहेत, गावातली शेतजमीन विकायला निघाली की त्यांना आधी कळवावं लागतं आणि त्यांना अग्रहक्काने घेऊन तरुण किंवा लहान शेतकऱ्याला देता येते. त्यांच्याही लक्षात आलं की मोठे खेळाडू जमीन न घेता जमीनवाली कंपनी घेतात, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी शेअर्सच्या व्यवहारावर पण नियंत्रणाचा कायदा केला. आमच्या त्या कोकणातल्या आजीच्या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

उलट उदाहरण पण सांगायला हवं. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात १९८२ मध्ये लोकांनी मतदानाने थेट राज्यघटनेत कॉर्पोरेट शेतीला बंदी घातली, चोवीस वर्षं टिकली आणि २००६ मध्ये फेडरल कोर्टात रद्द झाली, कारण कोर्टाच्या मते ती राज्याबाहेरच्यांशी भेदभाव करत होती. हे आपल्याला लागू पडतं. ग्रामसभांचे ठराव मी वाचतो त्यात "परप्रांतीयांना बंदी", "बाहेरच्यांना बंदी" असले शब्द हमखास असतात. नका टाकू. जन्माने किंवा राहण्याच्या जागेने भेद करणारी तरतूद कोर्टात अडचणीत येते, आणि खरं सांगायचं तर तुमच्या जमिनीच्या मागे असलेला पैसा बऱ्याचदा जिल्ह्यातलाच असतो. १९४८ चा कुळकायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात आहे त्यामुळे त्याला संरक्षण आहे, पण नवीन दुरुस्ती परिशिष्टात ढकलली की काम झालं असं राहिलेलं नाही, २००७ पासून २४ एप्रिल १९७३ नंतरच्या कायद्यांची घटनेच्या मूळ चौकटीवर तपासणी होऊ शकते. म्हणून शब्द जपून.

मी लिहिणार असतो तर एवढं मागितलं असतं. शेतजमीन धारण करणाऱ्या प्रत्येक कंपनीने, एलएलपीने, ट्रस्टने खरा लाभधारक कोण ते दरवर्षी तहसीलदाराला जाहीर करायचं आणि ते सातबाराच्या इतर हक्कात दिसलं पाहिजे. माहिती नवीन गोळा करायची पण गरज नाही, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ९० खाली १० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या लाभधारकाची नोंद कंपन्यांना ठेवावीच लागते, ती कंपनी निबंधकाकडे जाते, महसूल खात्याकडे येत नाही एवढंच. दोन संगणक जोडायचे आहेत. दुसरं, नियंत्रण बदलणारा शेअर व्यवहार झाला की तो जमिनीचा हस्तांतर व्यवहारच धरायचा, कलेक्टरची परवानगी, मुद्रांक, गावाला नोटीस, सगळं. तिसरं, ८४क मधली शिक्षा घेणाऱ्यावर, आणि विकणाऱ्याने स्वतः पुढे येऊन सांगितलं तर त्याला पूर्ण माफी. चौथं, ६३-१अ खाली घेतलेल्या प्रत्येक जमिनीची यादी गावच्या चावडीत आणि वेबसाइटवर, मुदत कधी संपते त्या तारखेसह. आणि ठरावीक क्षेत्राच्या वर एकाच गावात एकाच लाभधारकाकडे जमीन जात असेल तर ग्रामसभेची सुनावणी. सरकारने खाजगी कंपनीसाठी जमीन संपादन करायची तर २०१३ च्या कायद्याने ८० टक्के बाधितांची संमती लागते, मग तीच कंपनी एजंटामार्फत एकेकाला गाठून तेवढीच जमीन गोळा करते तेव्हा गावाला विचारायची काहीच सोय नसावी हे मला पटत नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) २२ गावांत प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं होतं, म्हणजे गावाला विचारणं अशक्य नसतं.

एक काळजी मात्र नक्की घ्या. "कंपनी" असा सरसकट शब्द टाकलात तर शेतकरी उत्पादक कंपन्या पण त्यात सापडतील. त्या कायद्याने कंपन्याच आहेत, २००२ पासून कंपनी कायद्यात त्यांच्यासाठी वेगळा भाग आहे. पाच-सातशे खातेदारांनी मिळून गोडाऊन आणि ग्रेडिंगसाठी दोन एकर घ्यायची म्हटलं तर आजच त्यांना परवानगीसाठी हेलपाटे मारावे लागतात. सभासद कसणारे शेतकरीच आहेत आणि एक सभासद एक मत आहे अशा संस्थेला वेगळं धरा असं ठरावात स्पष्ट लिहा. कराराची शेती पण वेगळी गोष्ट आहे. २०२० च्या तीन केंद्रीय कायद्यांपैकी करार शेतीच्या कायद्यातच जमिनीची विक्री, भाडेपट्टा, गहाण करता येणार नाही असं कलम होतं, पुढच्या वर्षी ते कायदे मागे घेतले गेले. जमिनीचा ताबा शेतकऱ्याकडेच असेल आणि करार फक्त पिकाचा असेल तर त्याला विरोध करायचं मला कारण दिसत नाही.

आता जे बोलायला जड जातं ते. जमीन विकणारा आपलाच माणूस आहे आणि त्याला चांगली किंमत मिळायचा हक्क आहे. घेणारे कमी केले की भाव पडतो हे साधं आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होतं, त्यात दोन भावांची वाटणी झाली की दीड-दीड एकर, त्यावर घर चालत नाही. नुसती बंदी घट्ट करून त्या माणसाला तुम्ही शेजारच्या बड्या बागायतदाराच्या दारात उभं कराल, तो पाडून मागेल. म्हणून मला फ्रान्ससारखा अग्रहक्क महत्त्वाचा वाटतो, बाजारभावाने घ्यायची तयारी असलेली एक सार्वजनिक संस्था, जी विकणाऱ्याला तीस दिवसांत पैसे देईल आणि जमीन गावातल्या भूमिहीनाला किंवा अल्पभूधारकाला हप्त्याने देईल. निधी लागेल, हो. पण त्याशिवायचा कडक कायदा गरजवंतालाच कडक पडतो, आणि मग तोच एजंटाकडे जाऊन साठेखतावर सही करतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की नुसत्या बंदीची मागणी आली की मला आधी त्याचीच आठवण येते.

भाडेपट्ट्याचं पण थोडक्यात. सौर कृषी वाहिनी योजनेत, म्हणजे सौरऊर्जा प्रकल्पाला जमीन भाड्याने द्यायच्या सरकारी योजनेत, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असं सरकारनेच ठरवलंय, पडीक जमीन असेल तर हे वाईट नाही. पण कुठल्याही खाजगी कंपनीच्या लांब मुदतीच्या करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी बघा, करार तिसऱ्याला वर्ग करता येतो का, आणि जमिनीवर कंपनीला कर्ज काढता येतं का. दोन्हीला "हो" असेल तर करार घेऊन आधी वकिलाकडे जा.

तुमच्या दीडशे एकराचं आत्ता काय करायचं? ठरावाच्या आधी कागद. त्या गट नंबरांचे इंडेक्स-२ नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर काढा आणि मग प्रत्येक खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून घ्या, नुसत्या इंडेक्स-२ वर थांबू नका, कारण खरी माहिती दस्ताच्या आत असते, मोबदला कुठल्या चेकने, कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेतून दिला, साक्षीदार कोण, मुखत्यार कोण. आठ-दहा वेगवेगळ्या "शेतकऱ्यांनी" एकाच शाखेतून पैसे दिलेत आणि साक्षीदार तेच दोघे आहेत असं निघालं तर तुमच्या हातात पुरावा आला. मग कंपनी खात्याच्या वेबसाइटवर त्या ॲग्रो कंपनीचे डायरेक्टर फुकट दिसतात, आणि १०० रुपये भरले की ताळेबंद बघता येतो, त्यात जमिनीसाठी दिलेले ॲडव्हान्स असं काही आहे का ते शोधा, बऱ्याचदा लपवायचं त्यांच्या डोक्यातही आलेलं नसतं.

हे जुळलं तर तहसीलदाराकडे ८४क खाली अर्ज करा, पण अर्जदार म्हणून त्या जमिनीत हितसंबंध असलेला कोणीतरी पुढे करा, हिस्सेदार, जुनं कूळ किंवा त्याचा वारस, नाहीतर पहिल्याच तारखेला तुमचा संबंध काय असं विचारतील. ग्रामपंचायतीने वेगळं पत्र देऊन स्वतःहून चौकशी करा असं कळवावं. विकणाऱ्याकडून जमीन पूर्ववत घ्यायची तयारी आहे असं आधी लेखी घ्या, म्हणजे तीन महिन्यांच्या तरतुदीत तो वाचतो, त्याला अंधारात ठेवून अर्ज अजिबात करू नका. बेनामीची तक्रार आयकर विभागाकडे, तीच कागदपत्रं लावून. आणि इथून पुढे जी नवीन नोंद पडेल तिच्यावर लक्ष, संहितेच्या कलम १५० ची नोटीस निघाली की पंधरा दिवस असतात, त्यात लेखी हरकत दिली की नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. गावातल्या दोन पोरांनी आठवड्यातून एकदा चावडीवर जाऊन प्रलंबित फेरफार बघायची सवय लावली तर पुढचं खूप वाचेल.

नकला यायला तीन-चार आठवडे धरा. चेक, शाखा, साक्षीदार, मुखत्यार असे चार रकाने पाडून सगळे दस्त एका मोठ्या कागदावर मांडा, आणि ग्रामसभेची तारीख त्यानंतरची ठेवा, म्हणजे ठरावाला तो कागद परिशिष्ट म्हणून जोडता येईल.